सदतीस नंबरचं मशीन

ढाणकीच्या खरेदी केंद्रावरचं ते प्रकरण आठवलं की आजही माझे कान गरम होतात. तपास लागला म्हणून छाती फुगते आणि त्याआधी काय करून बसलो होतो ते आठवून मान खाली जाते.

तुरीची खरेदी सुरू होती. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एक शेतकरी माझ्या ठाण्यात आला. तूर घेणाऱ्या संस्थेच्या यादीत त्याचा बारावा नंबर होता, तो आदल्या दुपारी दोनशेच्या पुढे गेला होता. "साहेब, मी काही झोपलो नव्हतो. माहा नंबर मागं गेला काहून?" त्याच्यामागून आणखी तीस-चाळीस जण आले. माणसाचं पोट आणि रांगेतला नंबर यांना हात लावू नये, हे मी नोकरीत शिकलो होतो.

संस्थेची दोन केंद्रं सुरू होती, ढाणकी आणि मुकुटबन. राजूरचं उघडायचं होतं. दोन्हीकडची नोंदणी एकाच सॉफ्टवेअरवर, एकाच यादीत आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, म्हणजे आनंदच! मात्र यादीत बदल कोणत्या मशीनवरून झाला, त्याचा नंबर सॉफ्टवेअर टिपून ठेवत असे. नंबर निघाला १९२.१६८.१.३७. संस्थेचे मॅनेजर लगेच म्हणाले, हे ढाणकीचं नोंदणीचं टेबल.

त्या टेबलावर जवळच्या तांड्यावरची एक मुलगी बसायची. तिच्या तांड्यातून संगणकाच्या नोकरीला लागलेली ती पहिलीच. भर बाजारातून तिला जीपमध्ये बसवून आणलं. महिला कॉन्स्टेबलसमोर दोन तास विचारपूस केली. माझा आवाज चढला, तिचा नाही चढला.

"साहेब, त्या दुपारी लाइन नव्हती, मशीन बंद होतं. मी कागदावर नावं लिहून राह्यले होते."

असं सगळेच म्हणतात, असं मी तिला सुनावलं आणि अटकेचे कागद तयार करायला सांगितले. सायबर सेलमधून आलेली दुसरी कॉन्स्टेबल वयानं लहान, पण धीट. मशीन पाहिल्याशिवाय सही करू नका, म्हणाली. राग आला, पण पेन खाली ठेवलं.

तिनं ढाणकीचं मशीन उघडलं. ते कधी चालू, कधी बंद, याची नोंद मशीनमध्येच असते. बारा ते तीन बंद. यादी बदलली दीड वाजता. बंद मशीन यादी कशी बदलणार? मुलीला घरी पाठवलं.

मग ज्यानं केंद्रांवर मशीनची जोडणी केली त्या माणसाला बोलावलं. तो अभिमानानं म्हणाला, "साहेब, ढाणकीत मस्त बसलं. मंग कायले डोकं लावायचं? मुकुटबनले तेच नंबर टाकले. नोंदणीच्या टेबलाले सदतीस." मशीनवर लावायचे नंबरांचे स्टिकरसुद्धा त्यानं एकदमच छापले होते.

मी खुर्चीतून उठलोच! कॉन्स्टेबलनं समजावलं की हे नंबर आतल्या वापराचे, कोणतंही घर, कोणतंही ऑफिस ते घेऊ शकतं. म्हणून संस्थेनं आधीच वाटणी करायची असते, कोणत्या गावाला कोणती मालिका. इथे ती केलीच नव्हती. मुकुटबन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत चहालाही थांबलो नाही. तिथल्या टेबलावर तेच स्टिकर, मशीन दीड वाजता चालू आणि यादीच्या वरच्या नंबरांत तिथल्या ऑपरेटरचे सगळे सोयरे. अर्ध्या तासात त्यानं कबूल केलं. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो. चूक पोलिसांची, खरं म्हणजे माझी, असं तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकासमोर, सगळ्यांच्या देखत सांगितलं. एका नावाचे चार जण असले तर आम्ही बापाचं नाव विचारतो, गाव विचारतो, मगच हात लावतो. त्या नंबराचं गाव मी विचारलंच नव्हतं. पुरावा दिसला की माणूस हुरळतो, आणि मी तर फारच लवकर हुरळलो.

पुढे कॉन्स्टेबलनं त्या जोडणीवाल्याला समोर बसवून नवी वाटणी करून घेतली. ढाणकीला १०.१ नं सुरू होणारे नंबर, मुकुटबनला १०.२, राजूरसाठी १०.३ राखून ठेवलं, पुढच्या केंद्रांनाही जागा ठेवली. सगळं लागल्यावर मी मुद्दाम ढाणकीला गेलो. मुलगी टेबलावर होती, समोर रांग होती. तिनं नव्या स्टिकरवर दहाच्या पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"साहेब, हा एक म्हणजे ढाणकी. पुढच्या वेळी हे आधी पाहा, मंग मले न्या."

रांग हसली. मी टोपी काढली आणि हो म्हटलं.