लिफ्टवाल्याचा नंबर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला फोन बंद ठेवून चालत नाही. अर्ध्या गावातल्या लिफ्टमध्ये बटणांच्या वर त्याचाच नंबर चिकटवलेला. कुणी अडकलं की पहिला फोन त्यालाच. पण हल्ली अनोळखी माणसं त्याला फोन करून नुसत्या शिव्या घालत होती.

"सकाळी बँकेतून बोलतोय म्हणालास, आता ओळख दाखवत नाहीस?" एकाने दरडावलं.

"अहो, मी लिफ्टवाला. मी कशाला बँकेतून बोलू?"

"आज लिफ्टवाला, उद्या आणखी कुणी."

भामटे भलत्याच फोनवरून लोकांना गंडवत होते, पण समोरच्याच्या मोबाइलवर दिसायचा याचा नंबर. फोन कंपनीत खेटे घालून तो मेटाकुटीला आला. काउंटरवरची मुलगी दर वेळी तेच सांगायची, "काका, कॉल तुमच्या फोनवरून गेलेलाच नाही. आम्ही तरी काय करणार? नंबर बदलून टाका."

"आणि अडकलेल्याने फोन कुणाला लावायचा?"

तिने रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

"अनोळखी नंबर उचलूच नका," बायको म्हणाली. तेही त्याला जमेना. शिव्या ऐकायच्या म्हणून न उचलावा, आणि नेमकं कुणी अडकलेलं असावं.

एका दुपारी एका इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. लिफ्ट मधेच बंद पडली होती, आत एक बाई. तो धावतच गेला. वरच्या मशीनच्या खोलीतून हाताने लिफ्ट मजल्याशी आणली, दार उघडलं. बाई घामाने निथळत खाली बसल्या होत्या, हातात मोबाइल.

"इथे नंबर लिहिलाय की, बाई. लगेच फोन का नाही केलात?"

"याच नंबरवरून गंडवलंय मला, गेल्याच आठवड्यात. त्या चोराला बोलावू होय?"

"नंबर माझाच आहे, पण..."

बाई मागे सरकल्या. त्याने समजावलं, वॉचमननेही ग्वाही दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि कठड्याला धरून जिन्याने उतरून गेल्या.

त्यानंतर त्याने नंबर बदलला. लिफ्टमागून लिफ्ट जुनी स्टिकरं खरवडत फिरला. तोवर दोन इमारतींनी दुसरा माणूस धरला होता, का तर "तुमचा फोनच लागेना."

"इतकी वर्षं जपलेला नंबर," तो घरी येऊन धुमसत म्हणाला, "आणि नेणाऱ्याचं तोंडही बघायला मिळालं नाही."

"हात धुऊन या," बायको म्हणाली, "जेवण निवतंय."