वाळवणाऱ्याचं नाव

युसूफ वडगावच्या पुढं आमचं कॉलेज आहे. तिथं वाळवलेली झाडं चार हजारांच्या वर आणि उभी झाडं अकरा. उभ्या झाडांना पाणी कोणी घालायचं ते कागदोपत्री कधी ठरलंच नाही. वाळवायचं मात्र ठरलेलं होतं. ते उत्तरेश्वरकडं.

मी तिथला ग्रंथपाल, अर्जुनराव. माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. उत्तरेश्वर माझ्या अगदी उलट. त्याच्यावर कोणी ओरडलं तर तो त्यालाच पाणी आणून द्यायचा.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो शिपाई. सर लोक डोंगरातून झाड उपटून आणायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. तो ते वर्तमानपत्रात पसरायचा, पान न् पान सरळ करायचा, दोन फळ्यांमध्ये घालून पट्ट्यानं आवळायचा. रोज कागद बदलायचा. ओल संपली की जाड पांढऱ्या शीटवर चिकटवायचा, कोपऱ्यात लेबल डकवायचा आणि कपाटात ठेवायचा. असं वाळलेलं झाड शंभर वर्षं टिकतं म्हणे. आमच्या इमारतीचं मी काही सांगू शकत नाही.

तो नोकरीला लागला तेव्हाची गोष्ट आम्ही अजून सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पोरगा. त्यांच्याकडं कारखान्यावर सहा महिने जायचं म्हणून गवार, भेंडी, हरभऱ्याचा पाला असं सगळं वाळवून गाठोड्यात बांधायची रीत. आज विभागप्रमुख असलेले मोहनराव सर तेव्हा नुकतेच लागलेले. त्यांनी त्याला एक झाड दिलं आणि म्हणाले, "हे नीट वाळवून आण." आठ दिवसांनी उत्तरेश्वरनं स्टीलचा डबा आणून टेबलावर ठेवला. आत पानं. सावलीत वाळवलेली, हिरवीगार, तळहातावर चुरून बारीक केलेली.

"झाड कुठाय?" सरांनी विचारलं.

"ह्यातच हाय की सर. काड्या निवडून टाकल्या. मीठ न्हाई घातलं, तुमाला चालतंय का न्हाई म्हाईत नव्हतं."

सर लई चिडले. पण रंग बघून गप्प बसले, कारण त्यांनी स्वतः वाळवलेली झाडं चहाच्या चोथ्यासारखी दिसायची. त्या दिवसापासून वाळवणं उत्तरेश्वरकडं गेलं ते गेलंच.

आता लेबलाचं सांगतो. त्यावर झाडाचं लॅटिन नाव, गाव, तारीख आणि खाली दोन ओळी असतात. एक 'लेजिट', म्हणजे झाड कोणी गोळा केलं. दुसरी 'डेट', म्हणजे कोणी ओळखलं. दोन्हीकडं सर लोकांची नावं. वाळवलं कोणी, ह्याला ओळच नाही. चार हजार शीट झाले आणि उत्तरेश्वरचं नाव एकावरही नाही. एकतीस वर्षं त्याला ह्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. वाटलं ते शेवटच्या वर्षी.

झालं असं की दिपाली मॅडम विभागात नवीन आल्या. सप्टेंबरात मोहनराव सर पोरांना घेऊन कपिलधारला गेले आणि धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावरून बोटभर उंचीचं एक झाड खरवडून घेऊन आले. मॅडमनी ते भिंगाखाली धरून ओळखलं आणि सांगितलं, आपल्या जिल्ह्यात ह्याची नोंदच नाही. पुण्याच्या एका मोठ्या संग्रहालयाला पत्र गेलं.

पण ते झाड म्हणजे नुसती पाण्याची पिशवी. असलं झाड फळ्यांत घातलं की तिसऱ्या दिवशी काळं पडतं, नाहीतर सडतं. उत्तरेश्वरनं ते फळ्यांसकट सायकलीला बांधून घरी नेलं. सहा दिवस रजा टाकली, चुलीवर तवा पालथा घालून त्यावर कागद तापवले, आणि दर दोन तासाला कागद बदलले. त्याची बायको छबुबाई मला बाजारात भेटली, ती भडकलेलीच.

"पोरं तान्ही व्हती तवा ह्यांनी एक दुपटं न्हाई बदललं," ती म्हणाली. "आन् आता बघा!"

सातव्या दिवशी झाड कोरडं झालं. फुलाचा जांभळा रंगसुद्धा गेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्ही नसता तर पुण्याला काय पाठवलं असतं?" बाई एवढंच बोलल्या, आणि माणसाच्या डोक्यात किडा सोडून दिला.

पुण्याचं उत्तर यायला एप्रिल संपला. शीट पाठवा म्हणाले. आणि उत्तरेश्वर एकतीस मेला रिटायर होणार. तो लायब्ररीत आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "अर्जुनराव, एक इचारू? हसायचं न्हाई."

"मला कधी हसताना बघितलंय का बे?"

"त्या पुण्याच्या शीटवर माझं नाव लागंल का? जायच्या आधी. येकाच शीटवर. वाळवलं म्हणून."

मला राग आला. त्याच्यावर नाही, स्वतःवर. एकतीस वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्ली आणि हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

आम्ही मोहनराव सरांकडं गेलो. सर वाईट माणूस नाही, नियमाचा माणूस आहे. म्हणाले, "लेबलात तशी ओळ नसते." मी म्हणालो, "घाला मग." ते म्हणाले, "पद्धत नाही." मी टेबलावर हात आपटला. सरांनी पाण्याचा ग्लास उचलून बाजूला ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "असं करू. गोळा केलं तिथलं माझं नाव काढतो, उत्तरेश्वरचं टाकू. जातोय माणूस, तेवढाच मान."

खरं सांगायचं तर हे मोठ्या मनाचं बोलणं होतं. भांडायला आलेला मी, माझी पंचाईत झाली. उत्तरेश्वर मात्र मान हलवत होता.

"न्हाई सर. तोडलं तुमी. मी त्या दिशी कपिलधारला गेलतोच न्हाई. खोटं कावून लिवायचं? मी वाळवलं, तेवढंच लिवा."

"अरे पण त्याला शब्द कुठाय?"

"शब्दाचं मी बघतो," मी म्हणालो आणि उठलो.

लायब्ररीत लॅटिनचा एक जाडजूड कोश आहे, देणगीत आलेला. दिपाली मॅडमना बोलावून घेतलं. त्यांनी क्रियापद शोधून काढलं, 'सिक्कारे'. त्या इंग्रजी अर्थ वाचत गेल्या, मी मराठी करत गेलो, आणि उत्तरेश्वर टोपी हातात धरून ऐकत राहिला.

"वाळवणे, कोरडं करणे."

"हां, ह्योच."

"दलदलीतलं पाणी काढून जमीन मोकळी करणे."

"आपल्याकडं दलदल न्हाई. पण चालंल."

"जखमेतून वाहणारं रक्त थांबवणे."

"चांगलंय."

"धार काढताना कास पुरती रिकामी करणे."

त्याचं तोंड उतरलं. "समदी? वासराला ठेवायचं न्हाई?"

"वासराचं इथं काही दिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढचा अर्थ वाचला.

"दारूचा पेला तळापर्यंत संपवणे."

"ओ मॅडम, थांबा थांबा! माळकरी माणूस मी. पुण्याची लोकं काय म्हणतील? झाड दिलं आन् ह्यानं पिऊन टाकलं?"

मॅडमनी हसू आवरलं. "मामा, झाडाच्या शीटवर पेला कोण शोधतंय? शब्दाच्या शेजारी काय ठेवलंय त्यावरून लोक अर्थ लावतात. तिथं झाड आहे, आणि ते वाळलेलं आहे."

"आजून काय हाय का त्यात?"

"एकच राहिला. रडणाऱ्याचे डोळे पुसणे."

त्यानं तो अर्थ परत एकदा वाचायला लावला. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "बरा शब्द हाय. घ्या."

मॅडमनी लेबल छापून काढलं. 'लेजिट' मोहनराव सर, 'डेट' दिपाली मॅडम, आणि तिसरी ओळ 'सिक्काविट', म्हणजे ह्यानं वाळवलं, त्यापुढं उत्तरेश्वरचं पूर्ण नाव. पण शीट बाहेर पाठवायचा तर विभागप्रमुखाची सही लागते. मी स्वतः गेलो, बाह्या सरसावून, चार तोंडफोड वाक्यं तयार ठेवून. सर तिसऱ्या ओळीवर थांबले. तीस वर्षं पोरांकडून लॅटिन नावं घोकून घेतलेला माणूस, आता मला अर्थ कसा विचारणार? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लॅटिनच आहे ना हे?"

"लॅटिन आहे."

"मग नियमात बसतं," म्हणाले आणि सही केली. माझी चारही वाक्यं वाया गेली.

तीस मेला, दुपारच्या सुट्टीनंतर, लेबल डकवायचं होतं. ते काम कायम त्याचंच. चार हजार लेबलं त्यानं इकडच्या तिकडच्या गप्पा मारत डकवलेली, आणि एकही कधी तसूभर हललं नव्हतं. त्या दिवशी त्यानं दोनदा हात धुतले. डिंक लावला. लेबल दोन्ही हातांनी उचललं, कोपऱ्याशी नेलं, आणि तिथंच धरून आपलं नाव परत वाचत राहिला. मी बघत होतो, मॅडम बघत होत्या, मोहनराव सरही दारात येऊन उभे होते. लेबल बसलं. एका बाजूनं चांगलं बोटभर वाकडं बसलं.

"मामा, ओलं आहे तोवर उचला," मॅडम घाईनं म्हणाल्या. "मी दुसरं छापून देते. पाच मिनिटं लागतील."

त्यानं लेबलावर तळहात दाबून धरला होता. तो उचलेना.

"उत्तरेश्वरा, काढ ते," मी म्हणालो. "पुण्याला जायचंय, मोठी लोकं बघतील."

त्यानं आमच्याकडं बघितलं नाही. हात तसाच दाबून उभा राहिला, वर पंखा फिरत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं हात बाजूला घेतला, तिसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि लेबलाची कड नखानं उचकटून बघितली. ती निघाली नाही.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "वाळलंय आता."