प्रवाळातला खेकडा आणि माझं उष्टं ताट

मी समुद्र पाहिलेला नाही. तरी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मॅडमनी मला सेमिनारसाठी दिलेला विषय समुद्रातलाच होता: प्रवाळात राहणारे चिमुकले खेकडे आणि त्यांचं प्रवाळाशी असलेलं नातं.

मी कुडव्याला मामाकडे राहून शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मामाचं घराला लागूनच किराणा दुकान आहे. आमच्याकडे भाच्याला देवासारखं मानतात. मी गावाहून परत आलो की केस पिकलेला मामा सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायांना हात लावतो, आणि दर वेळी मला कुठे पाहावं ते कळत नाही. भाच्याला काम सांगणं म्हणजे पाप. उष्टं ताट तर मला हलवूही देत नाहीत.

सेमिनारची तयारी करत मी स्वयंपाकघरात बसलो होतो. मामी तांदूळ निवडत होती.

"काय वाचून राहिले भाचेबुवा?"

"खेकड्यांचं, मामी. प्रवाळात राहतात ते. प्रवाळ म्हणजे पोवळं."

"मामाच्या अंगठीतलं?"

"त्याच्याच नात्यातलं समज. पण जिवंत."

मग मी तिला दोन खेकड्यांचं सांगितलं. एक प्रवाळाच्या फांद्यांत राहतो, प्रवाळाचा चिकट स्राव खातो. पण प्रवाळ खाणारा तारामासा आला की त्याच्या पायांना चिमटे काढून त्याला हाकलतो. दुसरा फारच लहान, नखाएवढा. त्याची मादी अगदी लहान असतानाच प्रवाळावर येऊन बसते. प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातं, तिच्यापुरता खड्डा तेवढा उरतो, आणि ती जन्मभर त्यातच राहते.

"अन् खाते काय?"

"प्रवाळाचंच."

"पोवळ्याले काय देते मग?"

"अजून कुणाला नीट माहीत नाही. बहुतेक काहीच नाही."

"म्हणजे फुकटचीच हाय!" मामी हसली. "जाऊ दे. आपल्या धानाच्या बांधीतला खेकडा तर धुऱ्याले भोक पाडते, सारं पाणी वाहून जाते. हे निदान भोक तं नाही पाडत."

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मीही या घरात फुकटच खात होतो; माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी शेजारी हळदीला गेली. मामा दुकानात होता. न्हाणीत सकाळची भांडी पडली होती. मी दार लोटलं आणि घासायला बसलो. खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. शेवटचा, भाताचा गंज विसळत होतो तेवढ्यात मामा पाणी प्यायला आत आला. भांड्यांकडे पाहून पाणी न पिताच परत गेला. मामी परत आली तेव्हा मात्र तिला त्यानं दुकानासमोरच गाठलं.

"काऊन वो, माह्या बहिणीच्या पोराले उष्टी भांडी घासाले लावते? तिले काय तोंड दाखवू मी?"

"मी कायले लावन?"

"मग तो का हौसेनं बसला?"

"मामा, मीच..." मी मधे बोललो.

"तू चूप राय. तू तिचीच बाजू घेशील."

सोबत आलेल्या बाया ऐकत होत्या. एक गिऱ्हाईक साखरेची पुडी हातात धरून तसंच उभं होतं. मामी हळदीचा हात पदराला पुसत आत गेली. मला तारामाशाला हाकलणारा खेकडा व्हायचं होतं. निघालो बांधीतला.

सेमिनार दुसऱ्याच दिवशी होता. मॅडमनी विचारलं, "यजमान प्रवाळाला काय मिळतं?" तारामासा हाकलणाऱ्या खेकड्याचं उत्तर पाठ होतं, तरी म्हणालो, "माहीत नाही, मॅडम." मागच्या बाकावर हसू आलं.

संध्याकाळी मामीनं नेहमीसारखंच वाढलं, भातावर वरण थोडं जास्तच. जेवण झालं आणि माझा हात आपोआप ताटाकडे गेला.

"ठेव," ती म्हणाली. भाचेबुवा म्हणाली नाही. "पुन्हा माही बदनामी कराची हाय का?"

मी तसाच उठून दुकानात गेलो. दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "मामा, भांडी मी माझ्या मनानं घासली. मामीनं सांगितलं नव्हतं. ती घरात नव्हतीच."

मामा डाळ तोलत होता. त्यानं माप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग गल्ल्यामागून बाहेर आला आणि वाकला.

"भाच्याले चारचौघांत खुलासा द्याले लावला मी. माफी असू दे."

मी पाय मागे घ्यायला गेलो. मागे तांदळाचं पोतं होतं, जागाच नव्हती. त्याची बोटं माझ्या पायांना लागली. आतल्या दाराच्या पडद्याखाली मामीची पावलं दिसत होती. माफी तिच्या हक्काची होती. ती माझ्या पायांशी आली, आणि मला ती उचलून तिच्यापर्यंत नेता आली नाही.

मामा परत डाळ तोलू लागला. पडद्याखालची पावलं वळली. थोड्या वेळानं आतून माझं ताट घासल्याचा आवाज आला.