अक्काच्या बांगड्या आणि ड्रिल मशीन

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी थोरल्या बहिणीकडे बोट दाखवीन. आम्ही तिला अक्का म्हणायचो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी. गाव धरणगावच्या पलीकडे, कॉलेज जळगावला. अक्काचं सासर जळगावात होतं म्हणूनच मी शिकू शकलो. तिच्या घरी राहिलो, तिच्या हातचं जेवलो.

अक्काच्या यजमानांना मी दाजी म्हणे. घराच्या मागच्या पडवीत त्यांचा छोटा कारखाना होता. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून आणलेलं ड्रिल मशीन, त्याला विजेची मोटर आणि चामड्याचा पट्टा. वखराच्या पासा, कोळप्याच्या पट्ट्या अशा शेतीच्या अवजारांना आणि दारांच्या कड्यांना भोकं पाडून द्यायची, हे त्यांचं काम. मी दुसऱ्या वर्षाला असताना दाजींच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी कष्टाला सक्त मनाई केली. पहिले काही दिवस मशीन झाकलेलं राहिलं. मग एका सकाळी कॉलेजला निघताना मला पडवीतून मोटरचा आवाज आला. दाजी तर खाटेवर होते. आत डोकावलो, तर अक्का.

दाजी खाटेवरून शिकवत होते. "आधी पंचाने खूण कर. पट्टी शिकंज्यात आवळ, हातात धरायची नाही. फिरली तर बोटं घेऊन जाईल. बिट आवळायची चकची किल्ली काढली का? दाखव मला." अक्का किल्ली वर करून दाखवी. "लोखंडाचा किस हाताने झाडू नको, ब्रश घे. आणि भोक आरपार व्हायला आलं की हँडल हलकं कर."

"अहो, भाकरी थापताना मी तुम्हाला असं शिकवते का?"

"भाकरी बोट तोडत नाही."

अक्का लवकर शिकली. पदर कंबरेला घट्ट खोचायची, अंबाडा बांधून वर फडकं गुंडाळायची, मंगळसूत्र चोळीच्या आत. राहिल्या फक्त बांगड्या. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या, मनगटभर. त्या कोपराकडे सरकवून ती वरून चिंधी बांधायची. मला ते पाहवत नसे. फिरत्या लोखंडाजवळ सुटं कापड म्हणजे बांगड्यांहून वाईट. मी बोललो की म्हणायची, "नवरा आजारी असताना बांगड्या उतरवू? कुठल्या पुस्तकात आहे रे हे?"

जे व्हायचं ते एका दुपारी झालं. मी पडवीच्या दाराशी बसून वाचत होतो. चिंधीची गाठ सुटली, बांगड्या मनगटावर घसरल्या आणि चिंधीचं टोक फिरत्या बिटाला लागलं. पापणी लवायच्या आत चिंधी गुंडाळली गेली आणि हात ओढला गेला. पट्टा जुना, सैल होता. तो घसरला म्हणून बिट थांबलं. मी बटण बंद केलं. मनगटातून रक्त येत होतं, काचा जमिनीवर पसरल्या होत्या. अक्का जखमेकडे पाहत नव्हती. ती काचा पाहत होती. "बांगड्या वाढल्या," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणाली. जखम बांधायच्या आधी तिने मला कासाराकडे पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी नव्या बांगड्या घालून ती पुन्हा मशीनकडे निघाली. दाजींनी तिला खाटेपाशी बोलावलं, साबणाचं पाणी मागवलं आणि तिचा हात हातात घेऊन एकेक बांगडी उतरवली. ती रडत होती.

"रडू नको. कपाळाला कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे. मशीन थांबलं की मीच परत घालीन."

"लोक म्हणतील, नवरा बांगड्या घेऊन बसला."

"बसलोच आहे. त्यात खोटं काय?"

तेव्हापासून रोज सकाळी तसंच चाले. काम संपेपर्यंत दाजी बांगड्या मांडीवर घेऊन बसत. त्या महिन्यांत मला शांत झोप लागली.

अक्काच्या सासूबाईंना मात्र ते सहन होत नव्हतं. "मना आंडोर जित्ता शे अजून," त्या अहिराणीत म्हणत, "आनि हाई भुंडा हात लई फिरस!" मुलगा जिवंत असताना सून भुंड्या हातांनी फिरते, हे त्यांचं दुखणं. मग एकदा शेजारची बाई मागच्या दाराने ताक मागायला आली. अक्काचे उघडे हात पाहून ती आल्या पावली परत गेली. बातमी कशी कशी फिरली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दाजींची मावशी बोदवडहून आली ती कोपऱ्यापासूनच हंबरडा फोडत. दाजी ओसरीवर चहा पीत होते.

"मावशी, कोण गेलं गं?"

मावशी मटकन खाली बसली. "बाप्पा! तू ते बसेल शे!"

दाजी हसले, मीही हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. जिवंत मुलासाठीचं रडणं दारात आलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी अन्न सोडलं. बांगड्या पुन्हा उतरवणार नाही असं अक्काने कबूल केलं तेव्हाच त्यांनी घास घेतला. त्यानंतर अक्काने दाजींना बांगड्यांना हात लावू दिला नाही. बांगड्या वर सरकवून, चिंधी बांधून ती पुन्हा काम करू लागली. दाजी बोलून थकले. मीही.

मी पदवीधर झालो आणि धुळ्याला शाळेत लागलो. निघताना अक्काने माझ्या हातावर दही ठेवलं, तेव्हाही तिच्या कोपराजवळ चिंधी होती. पुढे वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. शेवटी मी तिला पत्र लिहिलं.

ती. सौ. अक्का हिस,
साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. मुलं गणितात कच्ची आहेत, पण ऐकतात.

मशीन बंद कर असं मी म्हणत नाही. त्यावर घर चालतं, आणि तुला ते आवडतंही. भोक आरपार होतं तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला आहे. पण बांगड्या उतरवल्याशिवाय बटण दाबू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. अशा शपथेवर माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. तुझा आहे, म्हणून घालतो. सासूबाईंना सांग की भावाने धुळ्याहून शपथ घातली, माझा इलाज नाही. त्यांना राग माझा येऊ दे. नवऱ्याच्या जिवाला जपून बांगड्या ठेवतेस, तसा मीही तुझाच आहे. आता दोघांत कोणाला जपायचं ते तू ठरव. मी असं कोड्यात टाकलं म्हणून तू रडशील. रड, पण हात उघडे ठेव.

उत्तर लवकर धाड. तुझ्याच हाताने लिही, कोणाकडून लिहवून घेऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ