कुत्रीच्या लग्नाची पत्रिका

सासऱ्यांनी मला मुलगी दिली तेव्हा एकही अट घातली नव्हती. कुत्री दिली तेव्हा चार घातल्या.

सासरे धुळ्याचे, निवृत्त शिक्षक. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. त्यांच्याकडे अल्सेशियन कुत्री होती आणि एक जाड वही होती. कोण कोणाच्या पोटचं, बाप कोण, कुठल्या पायावर कसला डाग, कोणाच्या घरी दिलं, सगळं तिच्यात. जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी त्यांनी पिल्लू आणलं ते कन्यादान करायला आल्यासारख्या चेहऱ्यानं. दिवसभर बांधून ठेवायचं नाही. शिळं घालायचं नाही. दोन वर्षांची होईपर्यंत पिल्लं होऊ द्यायची नाहीत. आणि त्यानंतरही नवरा ठरवणार नानाच.

मी चारही वेळा मान डोलावली. जावयाला मान डोलवायला काय लागतं?

कुत्री चौदा महिन्यांची झाली आणि माजावर आली. तोवर मी ऑफिसातल्या साहेबांना, डॉक्टरांना, किराणावाल्याला, दिसेल त्याला पिल्लू कबूल करून बसलो होतो. पिल्लांचा पत्ता नव्हता आणि अकरा घरी बारसं ठरलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या ठेकेदाराकडे एक अल्सेशियन नव्यानंच आला होता, बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबांकडून घेतलेला. माणसांच्या सोयरिकीत सात पिढ्या खणणारे आम्ही लोक. इथे मी छाती पाहिली, शेपूट पाहिली आणि सुपारी फोडली.

मग माझ्या अंगात नाटक संचारलं. नुसतं कुत्र्याला कुत्री दाखवायची, त्यात काय मजा? मी पत्रिका छापल्या. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आहेर आणू नये, हाडूक चालेल’पर्यंत.

बायको म्हणाली, “नानांना विचारलं का?”

“पत्रिका पाठवली ना.”

“कुठे?”

“धुळ्याला. गंमत म्हणून.”

तिनं लग्नाच्या वरणासाठी काढलेली डाळ एक वाटी वाढवली.

लग्नाच्या दिवशी अंगणात रांगोळी होती. नवरदेवाला बाशिंग बांधलं होतं, ते तो एका पायानं काढायचा प्रयत्न करत होता. माझी शाल अंतरपाट म्हणून दोन शेजाऱ्यांनी धरली होती, आणि मी गळा काढून पहिलं मंगलाष्टक म्हणत होतो. तेवढ्यात फाटकातून नाना आले. सकाळच्या एस.टी.नं. काखेत वही.

“पाव्हना, नवरदेव कोना शे?” त्यांनी अहिराणीत मला विचारलं.

“ठेकेदारांचा, नाना. एकदम खानदानी.”

नाना उकिडवे बसले. नवरदेवाचा डावा मागचा पाय उचलून त्याची दोन पांढरी बोटं पाहिली. मग वहीची पानं उलटली.

“खानदानी शेच. मनाच घरना शे. हाऊ नवरीनी मायना सख्खा भाऊ.” बदली झालेल्या त्या साहेबांना पिल्लू नानांनीच दिलं होतं.

शेजारच्या अक्का ओरडल्या, “अगं बाई! म्हणजे नवरीचा मामा?”

“मामानी जागा नवरीना मांगे ऱ्हास,” नाना म्हणाले. “अंतरपाटना पल्याड नही.”

अंगण हसून लोळलं. ठेकेदार तेवढा हिरमुसला. “नाना, कुत्र्यात कुठं आलं मामा-भाची?”

नानांनी वहीचं पहिलं पान उघडलं. आपणही एकदा असंच म्हटलं होतं, असं त्यांनी सांगितलं. भाऊ-बहीण एकाच अंगणात सोडलेली, लक्ष दिलं नाही. सहा पिल्लं झाली, दिसायला एकापेक्षा एक. वर्षाच्या आत त्यातल्या तिघांना मागचे पाय उचलेनात. नाना अंगणात आले की ती जमिनीवर पडल्या पडल्या शेपूट हलवायची. पुढे त्यांचं काय केलं ते नानांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. वही त्या वर्षी सुरू झाली होती.

मी शाल घडी करून खांद्यावर टाकली. लोक वरण-बट्टी जेवले. नानाही जेवले, आणि पट्टा हातात घेऊन उठले. ठेकेदाराच्याच जीपमधून नवरी माहेरी गेली. नवरदेव फाटकाशी बसून राहिला.

“परत आणाल ना?” बायकोनं विचारलं.

“पाहूत,” नाना म्हणाले.

तीन आठवडे झाले, महिना झाला. कुत्री बसायची ती पायरी मोकळी दिसायची. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शेवटी, रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आणायला जावं तसा मी धुळ्याला गेलो. नानांनी चहा दिला आणि वही पुढे सरकवली. चारही अटी मी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, खाली सही केली. मग त्यांनी कुत्रीला हाक मारली. ती धावत आली, मला सोडून माझ्या पिशवीतल्या भाकरीकडे गेली.

पुढच्या वर्षी नानांनी शिरपूरचं स्थळ पाहिलं. पाच पिल्लं झाली. मी कबूल केलेल्या अकराही घरांत नाना स्वतः जाऊन आले. अंगण पाहिलं, घरात दिवसभर कोण असतं ते विचारलं. चार घरं पास झाली. साहेब नापास.

पाचवं पिल्लू मी माझ्यासाठी मागितलं. नानांनी वही उघडली, माझ्या सहीचं पान सावकाश वाचलं आणि पिल्लू उचलून आपल्या टोपलीत ठेवलं.