डावी टाच

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमचं सगळं घर दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत राबायचं. नागपूरजवळच्या कुहीकडे आम्ही भात पिकवणारे, पण आमच्या घरात वर्षाचा तांदूळ कधी पुरला नाही. आई वाकून रोवत रोवत मागे सरकायची आणि मी शाळा बुडवून, चिखलात उभी राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या पेंढ्या फेकायची. पेंढी रोवणाऱ्या बाईच्या हातात द्यायची नसते. ती मागे सरकत जिथे पोचेल, तिथे पेंढी पडायला हवी. नेम चुकला की रांग मोडायची आणि मालकाची बोलणी आई खायची.

उंचीमुळे नागपूरच्या कॉलेजात मी बास्केटबॉलची सेंटर झाले, म्हणजे बास्केटखाली पाय रोवून उभी राहणारी उंच पोरगी. दुसरी सेंटर नागपुरातल्याच जरीपटक्याची, माझी जिवाची मैत्रीण. तिचा पास छातीतून सुटायचा, जोरात, थेट हातात. पण तो घ्यायला धावणारीला थबकावं लागायचं. माझा चेंडू मोकळ्या जागेत टप्पा घ्यायचा आणि पोरगी धावत्या पायांनी तिथे पोचायची. माझा पास सरस होता. खरं आहे म्हणून सांगते.

विद्यापीठाच्या संघात सेंटरची एकच जागा होती. जी निवडली जाईल तिला हॉस्टेल. मला ते हवंच होतं. गावाहून रोजची एसटी झेपत नव्हती, अभ्यास सुटत चालला होता.

निवडीच्या आधी तर्री-पोहे खाताना ती म्हणाली, "तुझा पास कधी सुटणार, कळतच नाही यार. बता ना."

"माही डावी टाच पाह्य," मी म्हटलं. "चिखलातून पाय काढल्याबिगर मले फेकताच येत नाही. अजून सवय गेली नाही."

ती हसली. मीही हसले.

निवडीच्या सामन्यात आम्ही समोरासमोर होतो. माझा पहिला पास अडला. दुसराही. मग लक्षात आलं, तिच्या बाजूच्या पोरी चेंडूकडे बघतच नव्हत्या, माझ्या पायाकडे बघत होत्या. एक तर ओरडलीच, "टाच उठली!" मी टाच दाबून धरली, तर चेंडू हातातच अडकला.

"दोघींचं पासिंग पाहिलं," निवड करणारे सर म्हणाले. "तुझे सगळे पास कापले जातात, पोरी. अशी सेंटर नाही चालत."

मैदानाबाहेर मी तिला गाठलं.

"काहून वं सांगितलं?"

"अरे, खेळ आहे. दिल पे मत ले."

"मी तुले सांगितलं होतं. तुया टीमले नाही."

ती बुटाच्या नाड्या सोडत बसली. जागा तिला मिळाली, हॉस्टेलही. तिच्या हॉस्टेलच्या खोलीत मी कधी पाय ठेवला नाही.

उरलेलं सगळं कॉलेज मी पहाटेच्या एसटीने केलं, बहुतेकदा उभ्याने, एका हातात पुस्तक धरून. बी.कॉम. झाले, पहिल्या श्रेणीत. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.