रशियन, अमेरिकन आणि आमच्या वन्सं

वन्सं गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मनमाडला माहेरी होते. भावाच्या दुकानात फोन आला आणि तो दुकान तसंच उघडं टाकून घरी आला. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं... दवाखान्यात निरोप घेताना त्याच म्हणाल्या होत्या, "तू खुशाल जाऊन ये गं, मी कुठे पळून जाते आहे?" नाशिकला परतताना बसमध्ये रडू आलं नाही. मनात सारखा एकच रविवार येत राहिला. बहात्तर सालातला, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातला.

नलिनी माझी थोरली नणंद. पुण्यात राहून रशियन शिकलेली आणि ओझरच्या विमानांच्या कारखान्यात दुभाषी असलेली. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणत, तेही असं की जणू दळण आणायचं राहून गेलं. मी नवी सून, जेमतेम मॅट्रिक झालेली. मला त्यांचा धाक वाटायचा. कामाच्या बाबतीत फार काटेकोर. समोरचा रागाने बोलला तर तो राग जसाच्या तसा पलीकडे पोचवायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, ही त्यांची शिस्त.

त्यांच्या ओळखीने व्हिक्टर नावाचा रशियन इंजिनिअर दर रविवारी आमच्या नाशिकरोडच्या घरी येऊ लागला होता, मामंजींशी बुद्धिबळ खेळायला. मामंजी रेल्वेतून निवृत्त झालेले. ते देशी पद्धतीने प्यादं पहिल्या चालीला एकच घर सरकवणार आणि व्हिक्टर दोन बोटं दाखवून "दोन, दोन" करणार, यावरून आधी अर्धा तास हुज्जत. नंतर मात्र दोघे दुपारभर एक शब्द न बोलता बसत. वरच्या खोलीत आमचा भाडेकरू टॉम. अमेरिकन, सिन्नरकडे विहिरींच्या कामावर आलेला, सदा हसतमुख. एका घरात दोन देश, पण मध्ये जिना होता. व्हिक्टर आला की टॉम वरच थांबायचा. रशियनांनी अमेरिकनांशी ऊठबस केलेली त्यांच्या वरिष्ठांना खपत नसे, आणि ती आमच्या घरात झाली तर वन्संच्या नोकरीवर गदा आली असती.

त्या जुलैपासून दूर आइसलंडमध्ये बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना चालला होता, एक रशियन आणि एक अमेरिकन. मामंजी पेपरातली प्रत्येक चाल पटावर मांडून बघत. त्या रविवाराआधीच्या शुक्रवारी रात्री रेडिओने सांगितलं, रशियनाने शेवटचा डाव पुढे न खेळताच सोडला. फोनवरूनच हार कळवली. इतकी वर्षं रशियनांकडे असलेला मान अमेरिकेकडे गेला. मामंजी म्हणाले, "आता रविवारी व्हिक्टर यायचा नाही."

रविवारी सकाळी टॉम जिन्यावरून उड्या मारत खाली आला. त्याच्या रेडिओवर अमेरिकेतल्या खेळांच्या बातम्या लागायच्या. त्याच शुक्रवारी त्याच्या गावच्या संघाचे बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने झाले होते आणि दोन्ही त्यांनी जिंकले होते. त्याने आधी वन्संना सांगितलं, मग वन्संनी मला. बेसबॉल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण त्याचा आनंद बघून मी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

दुपारी व्हिक्टर आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, चेहरा मात्र सुतकी. मुकाट्याने सोंगट्या मांडू लागला. मामंजीही समोर बसून आपल्या सोंगट्या लावू लागले. मी चहा ठेवत होते, तेवढ्यात जिना वाजला. वन्सं झटकन उठून दारात गेल्या, इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "आत्ता नको, टॉम." पण तो दारात येऊन उभा राहिलाच होता.

व्हिक्टर उठून उभा राहिला. ताठ. रशियनमध्ये काहीतरी बोलला. "तुमचा माणूस जिंकला. अभिनंदन," वन्संनी इंग्रजीत सांगितलं आणि मामंजींसाठी मराठीतही. टॉम डोकं खाजवत म्हणाला, "मला बुद्धिबळातलं काही कळत नाही. मी बेसबॉलवाला. आणि त्याच दिवशी आमच्या पोरांनी दोन सामने खेळले... दोन्ही हरले."

वन्सं त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही, तेवढं इंग्रजी मलाही कळलं होतं. सकाळचा गूळ अजून माझ्या बोटांना चिकटलेला असावा असं मला वाटलं. मग त्यांनी व्हिक्टरकडे वळून ते वाक्य रशियनमध्ये सांगितलं. व्हिक्टरने दोन बोटं वर केली, "दोन्ही?" टॉमने मान हलवली. आणि व्हिक्टर हसला हो! मोठ्याने, पोट धरून. त्याने टॉमला खुर्ची दिली.

पुढे काय झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. बेसबॉल म्हणजे काय हे दाखवायला टॉमने मोरीतलं धोपाटणं उचललं आणि माझ्या नवऱ्याच्या मोज्यांचा चेंडू केला. व्हिक्टर म्हणाला, असाच खेळ आम्ही लहानपणी गावात खेळायचो. मग दोघे अंगणात. मामंजी दारातून ओरडत होते, "अहो, माझा डाव अर्धा राहिलाय!" व्हिक्टरने टोलवलेला मोज्यांचा चेंडू पेरूच्या शेंड्याला जाऊन अडकला.

संध्याकाळी भांडी घासताना मी विचारलं, "वन्सं, खोटं कसं सांगितलंत?"

"वाक्य त्याचं होतं. मी फक्त पोचवलं." त्यांनी पातेलं विसळून पालथं घातलं. "आवाज जरा कापला माझा. ते काही बरोबर झालं नाही."

सोमवारी त्या स्वतःच कारखान्यातल्या रशियन प्रमुखाकडे गेल्या आणि घडलं ते सांगून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं, हा हिशेब. "काय बोलले दोघं?" त्याने विचारलं. "हरण्याबद्दल," या म्हणाल्या. नोकरी राहिली. पण व्हिक्टर पुन्हा आला नाही. थंडीत तो मायदेशी परतला, टॉमही वर्षभरात गेला.

मामंजी दोन-तीन रविवार पट मांडून रस्त्याकडे बघत बसले. मग एका रविवारी, ज्यांनी तोवर सोंगटीला हात लावला नव्हता, त्या वन्सं समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "बाबा, घोडा कसा चालतो ते सांगा." हरायच्या, दर रविवारी हरायच्या. मामंजींची नजर अधू झाल्यावर चाली तोंडाने सांगून खेळत. पंच्याऐंशीत मॉस्कोत कोवळ्या वयाचा नवा जगज्जेता झाला, ती बातमी त्यांनी मामंजींना वाचून दाखवली. त्यानंतर काही दिवसांतच ते गेले. वन्संचे रविवार थांबले नाहीत. शिकवणीला येणारी मुलं, शेजारच्या काकू, मी, जो बसेल तो. त्यांचा एक नियम होता. डाव संपला की जिंकणाऱ्याने उठायचं, चहा करायचा आणि पहिला कप हरलेल्याला द्यायचा. डावाबद्दल बोलायचं ते त्यानंतर.

गेल्या रविवारी मी आणि हे त्याच खोलीत खेळायला बसलो. वन्संचे दिवस झाल्यानंतर पहिल्यांदाच. मी हरले. हे उठले आणि आत गेले. थोड्या वेळाने स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.